नासासंधान व शल्यचिकित्सकांचा आंतरराष्ट्रीय ज्ञानविनिमय

नासासंधान : कापले गेल्यामुळे, दुखापतीमुळे किंवा रोगामुळे नष्ट झालेले नाक रुग्णाच्याच शरीरातील ऊतकांचा उपयोग करून पुन्हा घडविण्याच्या शस्त्रक्रियेस ‘नासासंधान’ म्हणतात. प्लास्टिक शस्त्रक्रिया या आधुनिक शाखेचा उगम मुख्यतः याच शस्त्रक्रियेत आहे. वैद्यकाच्या इतिहासात तिला आणखी एका कारणाने महत्त्व आहे. पुण्याच्या परिसरात अठराव्या शतकाच्या अखेरीस केलेली अशी एक शस्त्रक्रिया वृत्तपत्रीय पत्राच्या द्वारे यूरोपात पोहोचली, तेथे तिची शास्त्रीय परीक्षा व सुधारणा झाली आणि सुमारे दीडशे वर्षांनी सुधारलेल्या स्वरूपात ती महाराष्ट्रातील रुग्णालयांत परत आली. शल्यचिकित्सकांमधील आंतरराष्ट्रीय ज्ञानविनिमय कसा घडतो, त्यात काय टिकते आणि काय हरवते, हे समजण्यासाठी यापेक्षा बोलके उदाहरण क्वचितच सापडेल.

नाक जाणे ही भारतीय समाजात केवळ शारीरिक हानी मानली जात नसे. ‘नाक कापणे’, ‘नाक राखणे’ हे वाक्प्रचार अब्रूशी निगडित आहेत. शूर्पणखेच्या कथेवरून नाशिकच्या नावाची व्युत्पत्ती सांगण्याची परंपराही प्रसिद्ध आहे. व्यभिचार, चोरी, फितुरी यांसारख्या अपराधांसाठी आणि युद्धात शत्रूचा अवमान करण्यासाठी नाक कापण्याची चाल देशाच्या अनेक भागांत होती. अशा माणसास समाजात तोंड दाखविणे अशक्य होई. त्यामुळे नवे नाक बसवून देणाऱ्या कारागिराची गरज सतत राहिली आणि ही विद्या व्यवहारात टिकून राहिली.

प्राचीन परंपरा : सुश्रुतसंहितेच्या सूत्रस्थानातील सोळाव्या अध्यायात कान टोचणे, फाटलेली कानाची पाळी सांधणे आणि तुटलेले नाक जोडणे यांचे वर्णन आहे. कानाच्या पाळीच्या संधानाचे पंधरा प्रकार तेथे सांगितले आहेत. नासासंधानासाठी प्रथम झाडाचे पान नाकाच्या मापाचे कापून घ्यावे, त्या मापाने गालावरील कातडी एका बाजूस जोडलेली ठेवून सोडवावी, नाकाचा उरलेला भाग खरवडून त्यावर ती बसवावी आणि श्वासासाठी दोन नळ्या घालाव्यात, असा तेथील क्रम आहे. या वर्णनात दोन मूलतत्त्वे स्पष्ट दिसतात : कातडीचा पट्टा पूर्ण तोडावयाचा नाही, कारण जोडलेल्या भागातून त्याला रक्त मिळते, आणि ज्या ठिकाणी तो बसवावयाचा ती कड ताजी करून घ्यावयाची, कारण जुन्या व्रणाशी कातडी सांधत नाही. सुश्रुतांनी कातडी गालावरून घेण्यास सांगितले आहे; पुढे प्रचारात आलेली रीत मात्र कपाळावरील कातडी वापरण्याची होती. हा बदल ग्रंथकारांनी नव्हे, तर प्रत्यक्ष काम करणाऱ्या कारागिरांनी घडविला. कपाळाची कातडी रंगाने व जाडीने नाकाच्या कातडीशी जुळते आणि भुवयांच्या आतील कोपऱ्यांजवळून वर जाणाऱ्या रोहिण्यांमुळे तिला भरपूर रक्तपुरवठा होतो, ही या निवडीमागील शारीर कारणे होत.

यूरोपातही या शस्त्रक्रियेची एक स्वतंत्र धारा होती. पंधराव्या शतकात सिसिलीतील ब्रांका घराण्याचे वैद्य नाक घडवीत असत. बोलोन्या येथील प्राध्यापक गास्पारे ताल्याकोत्सी (१५४५–९९) यांनी १५९७ मध्ये या विषयावर सचित्र ग्रंथ प्रसिद्ध केला. त्यांच्या रीतीत कातडी दंडावरून घेत असत आणि ती नाकाशी सांधेपर्यंत रुग्णाचा हात कित्येक दिवस डोक्याशी जखडून ठेवावा लागे. ही रीत कष्टप्रद असल्याने त्यांच्यानंतर मागे पडली आणि अठराव्या शतकात यूरोपीय शल्यचिकित्सक तिच्याविषयी साशंक झाले होते. पुण्याची वार्ता लंडनला पोहोचली ती या पार्श्वभूमीवर.

पुणे येथील शस्त्रक्रिया : तिसऱ्या इंग्रज-म्हैसूर युद्धात (१७९०–९२) मराठे व इंग्रज टिपू सुलतानाविरुद्ध एकत्र लढले. मराठ्यांच्या बाजूने हरिपंत फडके आणि तासगावचे परशुरामभाऊ पटवर्धन यांनी सैन्याचे नेतृत्व केले. या युद्धात इंग्रजी फौजेकडे बैल हाकण्याच्या कामावर असलेला कावसजी नावाचा माणूस टिपूच्या हाती सापडला. त्याचे नाक व एक हात कापून त्याला सोडून देण्यात आले. नाव पारशी वळणाचे असले, तरी तत्कालीन नोंदीत तो शेतकरी जातीचा मराठा असल्याचे म्हटले आहे. सुमारे वर्षभर नाकाविना काढल्यावर पुण्याजवळ राहणाऱ्या एका माणसाने त्याला नवे नाक बसवून दिले. हा माणूस वीट करणाऱ्या जातीचा, म्हणजे बहुधा कुंभार, होता.

ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबई इलाख्यातील टॉमस क्रूसो आणि जेम्स फिंडले या दोन शल्यचिकित्सकांनी ही शस्त्रक्रिया होताना पाहिली होती. तिची हकिकत प्रथम मद्रासच्या वृत्तपत्रात आणि नंतर लंडनच्या जेंटलमन्स मॅगझीन या मासिकाच्या ऑक्टोबर १७९४ च्या अंकात पत्ररूपाने छापली गेली. पत्राखाली केवळ दोन आद्याक्षरे होती. त्या वेळी पेशव्यांच्या दरबारी सर चार्ल्स मॅलेट हे इंग्रज वकील होते आणि त्यांच्या आश्रयाने जेम्स वेल्स हा स्कॉटिश चित्रकार पुण्यात काम करीत होता. वेल्सने कावसजीचे चित्र काढले. त्यावरून तयार केलेल्या ठशाची चित्रे लंडनमध्ये विकली गेली. नव्या नाकाचा चेहरा आणि कातडी कापण्याच्या रेषा दाखविणारी ही आकृती पत्रातील शब्दांइतकीच परिणामकारक ठरली.

कृती : पत्रातील वर्णनानुसार शस्त्रक्रियेचे टप्पे पुढीलप्रमाणे होते. मेणाचा पातळ पत्रा नाकाच्या थोटकावर बसवून त्याला चांगल्या नाकाचा आकार देत. नंतर तो सपाट करून कपाळावर ठेवीत आणि त्याच्याभोवती रेघ आखीत. त्या रेघेतील कातडी सोडवून घेत. मात्र दोन्ही डोळ्यांच्या मध्ये एक अरुंद पट्टी न कापता ठेवीत. ही पट्टी नव्या नाकाला रक्त पुरवी. मग थोटकावरील व्रण छाटून त्याच्यामागे नाकपुड्यांच्या बाजूंनी वरच्या ओठापर्यंत खाच घेत आणि कपाळावरून खाली आणलेली कातडी अर्धा पीळ देऊन तिची कड त्या खाचेत बसवीत. टाके घालीत नसत. पाण्यात मऊ केलेला कात कापडाच्या पट्ट्यांवर पसरून अशा पाच-सहा पट्ट्या सांध्यावर एकीवर एक लावीत. चार दिवसांनी त्या काढून तुपात भिजविलेल्या पट्ट्या ठेवीत. रुग्णाला पाच-सहा दिवस उताणे निजावे लागे. दहाव्या दिवशी नाकपुड्या मिटू नयेत म्हणून मऊ कापडाचे बोळे घालीत आणि सुमारे पंचविसाव्या दिवशी डोळ्यांमधील जोडपट्टी कापून नाकाला अखेरचे रूप देत.

या कृतीतील प्रत्येक टप्प्याला कारण आहे. मेणाच्या साच्यामुळे कातडी कमी पडत नाही. पीळ दिल्यामुळे कातडीची बाहेरची बाजू बाहेरच राहते. कातातील तुरट द्रव्ये जखम आवळून धरतात. आणि पंचवीस दिवसांत सांध्यातून नव्या रक्तवाहिन्या कातडीत शिरलेल्या असल्याने मूळ जोड तोडता येतो. गुंगीची औषधे व निर्जंतुकीकरण यांविना केलेली ही शस्त्रक्रिया बहुधा यशस्वी होते, असे पत्रलेखकाने नमूद केले आहे.

यूरोपातील प्रसार : लंडनमधील शल्यचिकित्सक जोसेफ कॉन्स्टंटाइन कार्प्यू (१७६४–१८४६) यांनी या वार्तेचा पाठपुरावा केला. भारतातून परतलेल्या अधिकाऱ्यांना त्यांनी पुन:पुन्हा प्रश्न विचारले आणि प्रेतांवर कृतीचा सराव केला. २३ ऑक्टोबर १८१४ रोजी चेल्सी येथील ड्यूक ऑफ यॉर्क रुग्णालयात त्यांनी एका लष्करी अधिकाऱ्यावर कपाळाच्या कातडीने नासासंधान केले. पुढे स्पेनमधील आल्बुएरा येथील लढाईत (१८११) जखमी झालेल्या कॅप्टन लेथॅम यांच्यावर त्यांनी दुसरी शस्त्रक्रिया केली. दोन्ही यशस्वी झाल्या. ईथराचा शुद्धिहारक म्हणून वापर १८४६ मध्ये सुरू झाला, हे लक्षात घेतले म्हणजे रुग्णांच्या धैर्याची कल्पना येते. कार्प्यू यांनी १८१६ मध्ये या दोन शस्त्रक्रियांवर पुस्तक लिहिले. त्यात त्यांनी भारतीय पद्धतीचा उगम आणि इतिहास सविस्तर दिला. पुढल्याच वर्षी पुस्तकाचे जर्मन भाषांतर निघाले.

बर्लिनचे प्राध्यापक कार्ल फेर्डिनांट फोन ग्रेफ यांनी भारतीय व इटालियन या दोन्ही पद्धती वापरून पाहिल्या आणि १८१८ मध्ये नासासंधानावर ग्रंथ लिहिला. त्यांच्यानंतर बर्लिनमध्येच योहान डीफेनबाख यांनी आणि अमेरिकेत बॉस्टन येथे जोनाथन मेसन वॉरन यांनी ही शस्त्रक्रिया रूढ केली. शस्त्रक्रियेच्या पाठ्यपुस्तकांत कपाळावरून घेतलेल्या कातडीच्या रीतीला आजही ‘भारतीय पद्धत’ म्हणतात.

यूरोपीय चिकित्सकांनी पद्धत केवळ उचलली नाही. तिचा दोषही शोधला. नाक हे तीन थरांचे असते : बाहेरची त्वचा, मधला हाडाचा व कूर्चेचा आधार आणि आतले श्लेष्मल अस्तर. पुण्याच्या पद्धतीत फक्त बाहेरचा थर पुरविला जाई. आतली बाजू उघडी राहिल्याने ती भरून येताना आकसे आणि काही काळाने नाक बसके होई. आतून अस्तर कसे द्यावे, हा एकोणिसाव्या शतकातील या शाखेचा मुख्य प्रश्न होऊन बसला.

मायदेशातील स्थिती : यूरोपात या विद्येचा विस्तार होत असताना पुण्याच्या परिसरातील तिची परंपरा क्षीण होत गेली. नाक कापण्याच्या शिक्षा बंद झाल्या, कारागिरांचा जुना आश्रय सुटला आणि नव्या वैद्यकीय शिक्षणात त्यांना स्थान नव्हते. मुंबईला १८४५ मध्ये ग्रँट मेडिकल कॉलेज आणि त्याला जोडून जमशेटजी जिजीभाई रुग्णालय सुरू झाले. १८५१ मध्ये बाहेर पडलेल्या पहिल्या पदवीधरांत भाऊ दाजी लाड होते. या विद्यार्थ्यांना शस्त्रक्रिया शिकविली गेली ती इंग्रजी ग्रंथांतून; त्यांतील एक प्रकरण पुण्याहूनच गेलेले होते. तथापि भारतीय शल्यचिकित्सकांनी हा धागा सोडला नाही. जुनागढ संस्थानचे मुख्य वैद्यकीय अधिकारी त्रिभुवनदास मोतीचंद शाह यांनी १८८९ मध्ये नासासंधानाच्या शंभर रुग्णांचा वृत्तांत प्रसिद्ध केला. एका चिकित्सकाच्या हातून झालेल्या अशा शस्त्रक्रियांची ही संख्या त्या काळात जगात कोठेही असामान्य ठरली असती.

मिरज केंद्र : दक्षिण महाराष्ट्रात आधुनिक शस्त्रक्रिया रुजविण्याचे काम मुख्यतः मिरज येथे झाले. विल्यम जेम्स वानलेस (१८६५–१९३३) हे कॅनडात जन्मलेले व न्यूयॉर्क येथे शिकलेले डॉक्टर अमेरिकन प्रेसबिटेरियन मिशनतर्फे १८८९ मध्ये भारतात आले. प्रथम सांगली येथे दवाखाना चालवून १८९४ मध्ये त्यांनी मिरजेस रुग्णालय उघडले. मिरज हे लोहमार्गाचे जंक्शन असल्याने दूरदूरचे रुग्ण तेथे येऊ शकत. कृष्णा-कोयनेच्या खोऱ्यांतील कराड, पाटण यांसारख्या तालुक्यांनाही मोठ्या शस्त्रक्रियेसाठी पुणे-मुंबईपेक्षा हे ठिकाण जवळचे होते. मोतीबिंदू, मूतखडा व पोटातील विकार यांवरील शस्त्रक्रियांसाठी वानलेस यांची ख्याती झाली.

मिशनचा हेतू धर्मप्रसाराचाही होता. परंतु वानलेस यांनी १८९७ पासून स्थानिक तरुणांच्या वैद्यकीय शिक्षणाची सोय केली, ही गोष्ट ज्ञानविनिमयाच्या दृष्टीने अधिक टिकाऊ ठरली. कुष्ठरुग्णांसाठी आश्रम आणि वानलेसवाडी येथील क्षयरोग आरोग्यधाम ही त्यांच्या कार्याची पुढची अंगे होत. १९२८ मध्ये त्यांना ‘सर’ हा किताब मिळाला. १९६२ मध्ये मिरज येथे शासकीय वैद्यकीय महाविद्यालय सुरू झाले. एका परदेशी चिकित्सकाच्या हातातील कौशल्य स्थानिक संस्थेत कसे परिणत होते, याचा मिरज हा नमुना आहे. पुण्याच्या कारागिराच्या बाबतीत नेमके हेच घडले नाही.

कुष्ठरोग व नासासंधान : पहिल्या महायुद्धात चेहऱ्याला जखमा झालेल्या सैनिकांची संख्या अतोनात वाढली. न्यूझीलंडमध्ये जन्मलेले हॅरल्ड गिलीज (१८८२–१९६०) यांनी इंग्लंडमधील सिडकप येथे १९१७ पासून अशा सैनिकांवर हजारो शस्त्रक्रिया केल्या. नाक आतून बाहेर घडवावे, प्रथम अस्तर, मग आधार आणि शेवटी त्वचा, हे तत्त्व त्यांनी ठसविले. भारतीय पद्धतीचा दोष अशा रीतीने दूर झाला.

गिलीज यांच्या हाताखाली शिकलेले नोशीर अँटिया (१९२२–२००७) यांनी १९५०–६० या दशकात मायदेशी परतल्यावर पुण्याजवळील कोंढवा येथील कुष्ठरुग्णालयात काम सुरू केले. कुष्ठरोगाचे जंतू शरीराच्या थंड भागांत वाढतात. श्वासाच्या हवेने थंड राहणारे नाकाचे अस्तर त्यांना अनुकूल असते. तेथे व्रण होऊन अस्तर आकसते, मधली कूर्चा झडते आणि नाक आत ओढले जाते. बाहेरची त्वचा मात्र शाबूत असते. येथे कपाळाच्या कातडीची गरज नसते. हवे असते ते अस्तर. उपदंशाने खचलेल्या नाकासाठी गिलीज यांनी योजलेली रीत अँटिया यांनी या रुग्णांवर वापरली. वरच्या ओठाच्या आतून छेद घेऊन आकसलेली त्वचा मोकळी करावयाची आणि साच्यावर गुंडाळलेली पातळ कातडी आत बसवावयाची, असे तिचे स्वरूप आहे. चेहऱ्यावर बाहेरून व्रण राहत नाही. रोग बरा झाला तरी चेहऱ्यावरील खुणेमुळे घरात न घेतल्या जाणाऱ्या माणसाला या शस्त्रक्रियेने गावात परतण्याची वाट मिळाली. कावसजीचे नाक घडले त्याच पुण्याच्या आसमंतात, अब्रूच्या त्याच प्रश्नाला, लंडनमार्गे आलेले हे उत्तर होते.

पुढे अँटिया यांनी मुंबईच्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात प्लास्टिक शस्त्रक्रियेचा विभाग नावारूपाला आणला. नागपूरच्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयात १९५८ मध्ये सी. बालकृष्णन यांच्या नेतृत्वाखाली या शाखेचा स्वतंत्र विभाग सुरू झाला. दुभंगलेले ओठ व टाळू यांचे त्यांनी १९७५ मध्ये मांडलेले वर्गीकरण ‘नागपूर वर्गीकरण’ म्हणून ओळखले जाते.

अलीकडील प्रगती : सूक्ष्मदर्शकाखाली बारीक रक्तवाहिन्या जोडण्याचे तंत्र १९६० नंतर विकसित झाले. त्यामुळे शरीराच्या दूरच्या भागातील ऊतक पूर्ण सोडवून, त्याच्या रक्तवाहिन्या नव्या जागी जोडून रोपण करणे १९७३ च्या सुमारास शक्य झाले. जोडपट्टी राखण्याचे जुने बंधन अशा रोपणात उरले नाही. २००५ मध्ये फ्रान्समध्ये नाक, ओठ व हनुवटी यांसह चेहऱ्याच्या भागाचे दुसऱ्या व्यक्तीकडून घेऊन प्रतिरोपण करण्यात आले. भारतात कोची येथे २०१५ मध्ये दोन्ही हातांचे प्रतिरोपण झाले. कुष्ठरोगावर जागतिक आरोग्य संघटनेने १९८१ मध्ये शिफारस केलेल्या बहुऔषधी उपचारांमुळे विद्रूपता येण्यापूर्वीच रोग आटोक्यात आणता येतो. एवढे असूनही कर्करोगाच्या शस्त्रक्रियेनंतर नाक घडविताना कपाळाची कातडी हीच आजही अनेकदा पहिली निवड असते.

ज्ञानविनिमयाचे मार्गही बदलले आहेत. पुण्याहून लंडनपर्यंतच्या प्रवासाला तेव्हा महिनोगणती काळ लागे. आता शस्त्रक्रिया चालू असतानाच ती दुसऱ्या खंडातील चिकित्सकास दाखविता येते. परदेशी स्थायिक झालेल्या मराठी चिकित्सकांचाही यात वाटा आहे. पंढरपूर येथे जन्मलेले शरदकुमार दीक्षित (१९३०–२०११) अमेरिकेत प्लास्टिक शल्यचिकित्सक होते. स्वतःच्या गंभीर आजारांना न जुमानता ते अनेक वर्षे भारतात येऊन शिबिरांत दुभंगलेले ओठ व चेहऱ्यावरील अन्य व्यंगे यांवर विनामूल्य शस्त्रक्रिया करीत. २००१ मध्ये त्यांना पद्मश्री देण्यात आली. शिबिरांचे बळ संख्येत असते; त्यांची मर्यादा अशी की, पाहुणा चिकित्सक परत गेल्यावर रुग्णाची पुढील देखभाल स्थानिक डॉक्टरांवर पडते. म्हणून त्या डॉक्टरांचे प्रशिक्षण हा अशा कार्याचा अविभाज्य भाग मानला पाहिजे.

मूल्यमापन : नासासंधानाच्या या इतिहासात रुग्णाचे नाव नोंदले गेले, पाहणाऱ्या दोन इंग्रज चिकित्सकांची नोंदली गेली, चित्रकाराचे आणि लंडनला कृती करून दाखविणाऱ्याचेही नोंदले गेले. ज्याच्या हाताने नाक घडले, त्याची केवळ जात व वस्तीचे ठिकाण नोंदले गेले. याचा दोष एकट्या परकीयांना देता येणार नाही. त्या पत्राला दोन परके चिकित्सक साक्षीदार होते, म्हणून निदान कृती तरी वाचली. पेशवाईच्या राजधानीत ग्रंथविद्या जाणणारे वैद्य व शास्त्री होते. पण हाताने काम करणाऱ्या माणसाचे कौशल्य लिहून ठेवण्याजोगे शास्त्र आहे, असे त्यांच्या परंपरेने मानले नाही. त्या कारागिरांची विद्या घराण्यात राहिली, घराण्याबरोबर संपली आणि पुण्याच्या विद्यार्थ्यांना ती परभाषेतून शिकावी लागली.

उलट कार्प्यू यांनी उसनी घेतलेली कृती उगमासह लिहिली, ग्रेफ यांनी ती तपासली, गिलीज यांनी तिचा दोष काढला आणि अँटिया यांनी ती वेगळ्या रोगासाठी योजली. यांपैकी प्रत्येकाला आधीच्याचे लेखन उपलब्ध होते. शल्यचिकित्सा हाताने शिकतात हे खरे; परंतु एका हातातून दुसऱ्या देशातील हातात ती जाते लेखनाने, आकृतीने आणि शिष्यपरंपरेने. ही तीन साधने जेथे असतात तेथे उसनी विद्याही आपली होते. जेथे नसतात तेथे आपलीही परकी होते.